बीजिंगची हूतोंग वस्ती: गल्ल्या पूर्व-पश्चिमच का, आणि १:५० ची प्रतिकृती करताना कशात चूक होते?

कागदी_नगर
वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनासाठी बीजिंगच्या जुन्या हूतोंगमधलं, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीतलं, एक सिहयुआन, म्हणजे चौकाभोवतीचं घर, आणि त्याच्यासमोरचा गल्लीचा तुकडा १:५० मध्ये करायचा आहे. साहित्य माउंटबोर्ड आणि बाल्सा. काळ चिंग राजवटीचा उत्तरार्ध धरला आहे. काही गोष्टी पुस्तकांतून नीट उलगडत नाहीत.

जुन्या नकाशात शहराच्या उत्तरेकडच्या बहुतेक गल्ल्या पूर्व-पश्चिम, एकमेकींना समांतर दिसतात. दक्षिणेकडे मात्र तिरक्या आणि वळणावळणाच्या. असं का? घराची मापं कशावरून धरायची, आणि छपराचा तो हलका बाक कसा काढायचा? मुख्य दार कुठे येतं, त्याचा रंग लालच असतो का? आणि आजच्या फोटोंत चौक दिसतच नाही, नुसती खोपटी दिसतात; त्यातलं मूळ कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे कसं ओळखायचं? शांघायच्या 'शकूमन', म्हणजे दाराला दगडी चौकट असलेल्या घरांच्या, गल्ल्या याच प्रकारात मोडतात का, तेही सांगा.

उत्तर_दक्षिण
आधी गल्ली आखू नका, घर आखा. बीजिंगचा हिवाळा लांब आणि कोरडा, थंड वारा उत्तर-वायव्येकडून येतो. म्हणून मुख्य घराचं तोंड दक्षिणेला, आणि उत्तरेच्या भिंतीत खिडक्या नाहीत किंवा अगदी लहान. अशी घरं शेजारी शेजारी लावत गेलं की त्यांच्यासमोर उरणारी वाट पूर्व-पश्चिमच निघते.

ही आखणी युआन काळातली. कुब्लाई खानाने १२६७ पासून दादू ही नवी राजधानी बांधायला घेतली, आराखडा ल्यू बिंगजोंग याचा. मोठा रस्ता २४ पावलं, लहान रस्ता १२ पावलं आणि हूतोंग ६ पावलं रुंद. हे पाऊल म्हणजे ५ चिनी फूट, साधारण १.५५ मीटर. म्हणजे अनुक्रमे ३७, १८.५ आणि ९ मीटरच्या आसपास. एका हूतोंगच्या मध्यापासून पुढच्या हूतोंगच्या मध्यापर्यंत ५० पावलं, म्हणजे ७७ मीटर. त्यातून गल्लीची ६ पावलं वजा केली की घरांसाठी ४४ पावलं खोलीची पट्टी उरते.

आता १२८५ चा हुकूम पाहा. जुन्या राजधानीतून नव्या शहरात येणाऱ्यांना ८ मू जमिनीचा एक भूखंड, आणि त्यात पहिला हक्क श्रीमंतांना व अधिकाऱ्यांना. एक मू म्हणजे २४० चौरस पावलं, म्हणून ८ मू म्हणजे १९२०. आणि ४४ गुणिले ४४ होतात १९३६. दोन गल्ल्यांमधली पट्टी आणि भूखंडाचं माप एकमेकांत इतकं चपखल बसतं. पुढे भूखंडांचे तुकडे पडले, घराणी बदलली, राजवटीही बदलल्या, पण गल्ल्यांच्या रेषा राहिल्या. दोंगस भागात तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या 'थ्याओ' गल्ल्या, किंवा नानल्वोगुश्यांगच्या दोन्ही अंगांना फुटलेल्या आठ-आठ गल्ल्या पाहिल्या की ही पट्टी आजही मोजता येते. नानल्वोगुश्यांग हा दक्षिणोत्तर रस्ता ७८७ मीटर लांब आहे. त्याला आठने भागलं तर दर गल्लीला शंभर मीटरच्या जरा आतला आकडा येतो. हल्लीचे तुकडे सगळीकडे सारखे नाहीत, म्हणून ७७ मीटर हा आदर्श आकडा धरा.

दक्षिणेचा भाग मात्र आखून वसवलेलाच नाही. छ्येनमन वेशीबाहेर बाजार आणि वस्ती आपोआप वाढली, आणि १५५३ मध्ये तिला बाहेरचा तट घातला गेला. तिथल्या तिरक्या गल्ल्यांची दोन कारणं. नैर्ऋत्येला असलेल्या चिन घराण्याच्या जुन्या राजधानीतून नव्या दादूकडे जाणाऱ्या पायवाटा तिरक्या होत्या, त्यांचेच पुढे यांगमेइजूसारखे रस्ते झाले. आणि आग्नेयेकडे सानलीह नावाचा कालवा वाहत होता, त्याच्या काठाने वळत गेलेल्या गल्ल्या कालवा बुजल्यावरही तशाच वळलेल्या राहिल्या. १६४८ मध्ये चिंग दरबाराने हान रहिवाशांना आतल्या शहरातून बाहेरच्या शहरात हलवलं, कारण आतलं शहर मांचू 'निशाणां'च्या, म्हणजे लष्करी तुकड्यांच्या, कुटुंबांसाठी राखायचं होतं. त्यामुळे व्यापारी, नाट्यगृहं आणि प्रांतोप्रांतीच्या लोकांची वसतिगृहं दक्षिणेत एकवटली. भूखंड लहान झाले, गल्ल्या चिंचोळ्या झाल्या. दाशिलार या बाजारपेठेजवळची छ्येनश हूतोंग सर्वांत अरुंद जागी जेमतेम ४० सेंटिमीटर आहे. तिथे चांदी आणि तांब्याच्या नाण्यांची बदली चाले.

तुम्ही उत्तरेकडचं घर निवडा. मूळ गल्ली दाखवायची तर ९ मीटर म्हणजे तुमच्या पाटावर १८ सेंटिमीटर. चिंग उत्तरार्धात बहुतेक ठिकाणी घरं पुढे सरकून गल्ली आक्रसली होती, तेव्हा १२ सेंटिमीटर धरलेत तरी वावगं नाही. गल्लीच्या तोंडाशी रात्री बंद होणारा लाकडी गजांचा अडसर दाखवला तर काळ लगेच कळेल. चिंग काळात ते सर्रास होते.

आढं_तुळई
मापांचं मी सांगतो. इथे सगळा हिशोब खणावर चालतो. दोन खांबांमधला एक गाळा म्हणजे एक खण, आणि खण नेहमी विषम: तीन, पाच, सात. मधला खण बाजूच्यांपेक्षा थोडा रुंद. सुतारांमध्ये चिंग काळापासून रूढ असलेलं साध्या घरांचं प्रमाण असं: खांबाची उंची मधल्या खणाच्या रुंदीच्या ८/१० (पाच वाशांचं लहान घर असेल तर ७/१०), आणि खांबाचा व्यास उंचीच्या १/११. 'पाच वासे' म्हणजे इथे आढ्यासकट लांबीत टाकलेली आडवी लाकडं. उताराचे वासे त्यांच्यावर येतात.

मधला खण ३.६ मीटर घ्या. ८/१० ने खांब २.८८ मीटर, व्यास २६ सेंटिमीटर. जोत्याची उंची खांबाच्या पाचव्या हिश्शाने ५८ सेंटिमीटर. वळचण खांबाच्या मध्यापासून बाहेर, खांबाच्या उंचीच्या ३/१०, म्हणजे ८६ सेंटिमीटर. जोतं मात्र वळचणीच्या ४/५ च बाहेर काढायचं, म्हणजे ६९. हा १७ सेंटिमीटरचा फरक विसरू नका, बहुतेक प्रतिकृती इथेच चुकतात. जोतं आणि वळचण एका रेषेत आली तर पागोळ्या जोत्याच्या दगडी कडेवर पडतात, पाणी उडून खांबाच्या बुडाशी जातं आणि लाकूड कुजतं. १:५० मध्ये हा फरक साडेतीन मिलिमीटरचा आहे, म्हणजे डोळ्याला सहज दिसणारा.

१:५० चे आकडे: मधला खण ७२ मिमी, बाजूचे ३.३ मीटरचे म्हणजे ६६ मिमी, खांब ५८ मिमी उंच आणि ५ मिमी जाड, जोतं १२ मिमी, वळचण १७ मिमी, जोत्याचा बाहेरचा भाग १४ मिमी.

छपराचा बाक वक्ररेषेतून काढायचा नसतो. तो तुटक सरळ रेषांचा बनलेला असतो. पाच वाशांच्या घरात आढ्याच्या प्रत्येक अंगाला दोन टप्पे येतात. खालच्या टप्प्याचा चढ ०.५, वरच्याचा ०.७. टप्पा १.२ मीटर आडवा धरला तर खालच्या टप्प्यात ६० सेंटिमीटर चढायचं आणि वरच्यात ८४. प्रतिकृतीत आडवे २४-२४ मिमी, चढ १२ आणि १७ मिमी. सात वाशांचं घर असेल तर तीन टप्पे: ०.५, ०.६५, ०.८५. उताराचे वासे प्रत्येक आडव्या लाकडावर तुटतात, आणि वरच्या मातीच्या थराने तो कोन बुजून बाक दिसतो. वर चढ जास्त म्हणून पाणी वेगाने खाली येतं, आणि खाली चढ कमी म्हणून ते भिंतीपासून लांब फेकलं जातं.

एक सावधगिरी. हा वाडा नव्हे. वाड्यात चौकाभोवतीचे सोपे एकमेकांना जोडलेले असतात. सिहयुआनमध्ये चार बाजूंना चार स्वतंत्र एकमजली इमारती असतात, प्रत्येकीला आपलं जोतं आणि आपलं छप्पर, आणि मधले कोपरे उघडे किंवा ओसरीने जोडलेले. उंचीचा क्रमही पाळा: उत्तरेचं मुख्य घर सर्वांत उंच, मग पूर्व-पश्चिमेच्या बाजूच्या इमारती, आणि गल्लीला पाठ करून उत्तरेकडे तोंड असलेली दक्षिणेची रांग सर्वांत ठेंगणी. मुख्य घराच्या दोन्ही टोकांना एकेक बुटकी खोली चिकटवा, तिला 'कान' म्हणतात. तीन खण १०.२ मीटर, दोन कान मिळून साधारण ५.४, वर कडेच्या जाड भिंती. भूखंडाची रुंदी १७ मीटरच्या आसपास येईल, म्हणजे ३४ सेंटिमीटर. पाट कापण्याआधी हे तपासा.

खोल्यांची वाटणीही याच क्रमाने जाते. थोरली पिढी उत्तरेला, थोरला मुलगा पूर्वेच्या इमारतीत, धाकटा पश्चिमेच्या, नोकर आणि पाहुणे दक्षिणेच्या रांगेत. मान पूर्वेच्या खोल्यांना असला, तरी बीजिंगची म्हणच आहे की पैसा असेल तर पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या खोल्यांत राहू नये, त्या हिवाळ्यात उबदार नाहीत आणि उन्हाळ्यात गार नाहीत. पूर्वेच्या खोलीचं तोंड पश्चिमेला असल्याने दुपारचं ऊन सरळ आत येतं. दक्षिणेच्या रांगेला तर ऊन मिळतच नाही.

उंबरठा
दाराबद्दल. घर गल्लीच्या उत्तरेला असेल तर दार आग्नेय कोपऱ्यात, दक्षिणेच्या रांगेतल्या पूर्वेकडच्या पहिल्या किंवा दुसऱ्या खणात. मध्यावर दार फक्त राजवाडे, राजपुत्रांची निवासस्थानं आणि देवळं यांना. घर गल्लीच्या दक्षिणेला असेल तर दार वायव्येला, आणि तिथून बाजूच्या बोळातून आत यावं लागतं, कारण मुख्य घराचं तोंड तरीही दक्षिणेलाच असतं.

आग्नेयेच्या दाराने आत आलात की समोर आडोशाची भिंत. लहान घरात ती वेगळी उभी नसते, पूर्वेच्या इमारतीच्या कडेच्या भिंतीवरच वीटकामाने काढलेली असते. तिथे डावीकडे वळायचं, अरुंद बाहेरच्या चौकात यायचं, आणि मग उजवीकडे मध्यावरच्या दुसऱ्या दारातून मुख्य चौकात. या दुसऱ्या दाराच्या पुढचे दोन खांब जमिनीला टेकत नाहीत. ते वरून लोंबतात आणि टोकांना कमळकळीसारखं कोरीव काम असतं. त्याच्या आतल्या बाजूला चार हिरव्या फळ्यांचा पडदा असतो. तो लग्नकार्याला किंवा मयताच्या वेळी उघडायचा, एरवी बाजूने ओसरीतून जायचं. प्रतिकृतीत तो बंद ठेवा.

घराचा दर्जा ओळखायचा तर दाराची फळी खणाच्या खोलीत कुठे बसली आहे ते बघा. फळी बरोबर आढ्याखाली, म्हणजे दाराबाहेर खोल पडवी सुटलेली, तर ते 'ग्वांगल्यांग' दार, अधिकाऱ्याचं. फळी आढ्याच्या पुढच्या खांबापर्यंत, साधारण एक टप्पा पुढे सरकली असेल तर 'जिनजू'. पार वळचणीच्या खांबांवर आली तर 'मानझ'. आणि वळचणीच्या खांबांमध्येच विटांची भिंत भरून मध्ये अरुंद दार ठेवलं असेल तर 'रुई'. रुई दार पैसेवाल्या, पण पद नसलेल्या लोकांचं. पुष्कळदा मूळचं ग्वांगल्यांग दार नव्या मालकाने विटा भरून रुई केलेलं आढळतं, म्हणून आतून छप्पर बघावं. सर्वांत साधं दार म्हणजे कुंपणाच्या भिंतीतच काढलेलं. तुमच्या १७ मीटर रुंदीच्या घराला रुई दार शोभेल, आणि दारावरच्या वीट-कोरीव कामावर हातही चालवता येईल.

रंग लाल देऊ नका. लाल दारं राजपुत्रांसाठी होती. सामान्य घरांची दारं काळी, त्यावर फार तर लाल पट्टीत कोरलेली दोन सुवचनं. आज दिसणारी लालभडक दारं बहुतांशी अलीकडच्या रंगकामाची आहेत. भिंती, कौलं, जोतं सगळं राखाडी. रंग फक्त लाकडावर.

दाराच्या दोन बाजूंच्या कोरीव दगडांबद्दल एक गैरसमज सगळीकडे सांगितला जातो: गोल ढोलासारखा दगड म्हणजे लष्करी अधिकारी, चौकोनी म्हणजे मुलकी. यावर विसंबू नका, दोन्ही प्रकार सर्रास मिळतात. दगडाचं खरं काम वेगळं आहे. तो एकच लांब दगड असतो. मध्ये खाच, त्यात उंबरठ्याची फळी वरून सरकवून बसवतात, म्हणजे गाडी आत घ्यायची असेल तेव्हा काढता येते. खाचेच्या आतल्या अर्ध्या भागात लोखंडी खळगा, त्यात दाराचं कुसू फिरतं. बाहेरचा कोरीव अर्धा भाग आतल्या भागाला वजन देऊन दगड स्थिर ठेवतो. बिजागरी कुठेच नाही. कोरीव भाग तेवढाच करून दारापुढे ठेवून दिलात तर तो उगाच मांडलेला दिसेल. खाच आणि उंबरठा करा.

कागदी_नगर
मनापासून आभार. आडवे टप्पे आणि वळचणीचा फरक आजच आराखड्यात घेतो. आता विचार असा आहे की प्रतिकृतीचा अर्धा भाग चिंग काळातला आणि अर्धा आजचा दाखवावा. आजच्या भागात नेमकं काय वाढवायचं? आणि कौलांसाठी कोणता कागद?

चुना_आणि_ताग
चांगला बेत आहे. पण आजचा भाग 'मोडकळीला आलेलं घर' म्हणून करू नका. चौकात जे साठलं आहे त्याच्या प्रत्येक थराला तारीख आहे.

१९४९ नंतर शहराची लोकसंख्या वाढत गेली आणि एका कुटुंबाच्या घरात अनेक कुटुंबं आली. १९५८ पासून मोठ्या घरमालकांच्या भाड्याच्या खोल्या सरकारी व्यवस्थापनाखाली गेल्या. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा उरलेली खाजगी घरंही गृहनिर्माण खात्याच्या ताब्यात गेली आणि वाटून दिली गेली. अशा अनेक बिऱ्हाडांच्या चौकाला 'दाझायुआन' म्हणतात. इथवर चौक मोकळाच होता. तो भरला २८ जुलै १९७६ नंतर. थांगशानचा भूकंप बीजिंगपासून दीडशे किलोमीटरवर झाला, पुढच्या धक्क्यांच्या भीतीने लोक घराबाहेर राहिले, आणि चौकात बांबू, ताडपत्री, जुन्या विटा वापरून निवारे उभे राहिले. धोका टळला, पण निवारे गेले नाहीत. एका खोलीत दोन पिढ्या राहत होत्या, स्वयंपाकाला जागा नव्हती. निवाऱ्यांची विटांची स्वयंपाकघरं झाली. म्हणून आजच्या फोटोत चौकाच्या मध्यातून दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट दिसते. ती वाट म्हणजे मूळ चौकातली उंचावलेली अधिक-चिन्हाची फरसबंदी, तिच्यावर कोणी बांधलं नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. मूळ इमारतीला जोतं आणि उताराचं कौलारू छप्पर असतं. नंतरच्या खोपट्याला जोतं नसतं, छप्पर सपाट किंवा एका बाजूला उतरतं, पत्रा किंवा डांबरी कागदाचं, आणि ते मूळ घराच्या वळचणीखाली घुसलेलं असतं. त्यामुळेच वळचणीचं पाणी दोन छपरांच्या सांध्यात साचतं, आणि खांब नेमके तिथे कुजतात.

खांब कुजण्याचं दुसरं कारण सिमेंट. या घरांत भार लाकडी सांगाड्यावर असतो. भिंत पडली तरी घर पडत नाही अशी म्हणही आहे. भिंतीला बाहेरून चांगल्या विटा आणि आत विटांचे तुकडे व मातीचा भराव. जो खांब भिंतीत गाडलेला असतो, त्याच्याभोवती थोडी पोकळी ठेवून बुडाशी आणि डोक्याशी नक्षीदार भोकाची वीट बसवतात, म्हणजे हवा खालून शिरते आणि वरून निघते. सिमेंटचा गिलावा करताना ही भोकं बुजली की ओल आत अडकते. काही वर्षांनी गिलावा वरून ठणठणीत आणि आतला खांब भुसभुशीत. दुरुस्तीत कुजलेलं बूड कापून नवं लाकूड खाचेने जोडतात आणि लोखंडी पट्टी ठोकतात. कुज खांबाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेली असेल तर मात्र खांबच बदलावा लागतो. विटांचे सांधे भरायला चुना, आणि छपराच्या थरात चुन्यात तागासारखे धागे कालवतात म्हणजे तडे जात नाहीत. चिंग काळातल्या अर्ध्या भागात भोकाच्या विटा दाखवा, आजच्या अर्ध्यात त्या गुळगुळीत गिलाव्याखाली झाका. पाहणाऱ्याला एका नजरेत कळेल.

आणखी तपशील. मूळ घरात शौचकूप नैर्ऋत्य कोपऱ्यात, कोरडा खड्डा, मैला वाहणारे रोज उपसून नेत. १९६० च्या दशकात घराघरातले खड्डे बंद करून गल्लीत सार्वजनिक शौचालयं झाली, म्हणून आजच्या गल्लीत दर काही घरांनंतर एक बैठी इमारत हवी. चौकाचा उतार आग्नेयेला, पाणी तिथल्या मोरीतून गल्लीत. उघडा नळ चौकात एकच, सगळ्यांचा. हिवाळ्यात भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्या जाळायचे, त्यांचा धूर कोंडून माणसं दगावत, म्हणून खिडकीच्या वरच्या तावदानात एक लहान तिरकं वायुद्वार बसवायचे. ते १:५० मध्ये ३-४ मिमीचं होईल, पण जरूर करा. २००० नंतर रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणारे साठवण-हीटर आले, आणि कोळशाचे ढीग जाऊन त्यांच्या जागी भिंतीवर वीजमीटरांची पेटी आली.

झाडं: डाळिंब कुंडीत, चिनी बोर किंवा शोभेचं सफरचंद जमिनीत. तुती, पाइन, सायप्रस चौकात नको. पाइन आणि सायप्रस ही थडग्यांपाशी लावायची झाडं.

आढं_तुळई
कौलांचं: अंतर्गोल कौलांच्या ओळी आणि त्यांच्यामधल्या फटींवर पालथ्या ओळी, असं हे छप्पर. प्रत्येक कौल खालच्याचा दहातला सात भाग झाकतं. १:५० मध्ये एकेक कौल दाखवायचा हट्ट नको, ओळी दिसल्या की पुरे. बारीक नळीचं, ई-फ्लूट म्हणून मिळणारं कोरुगेटेड पुठ्ठं घ्या, एका बाजूचा सपाट कागद ओला करून सोलून काढा. नळ्या आढ्याकडून वळचणीकडे उतरत्या हव्यात. अडचण अशी की बाकही त्याच दिशेने येतो आणि नळीच्या लांबीत पुठ्ठं वाकत नाही, चुरगळतं. म्हणून मधल्या आडव्या लाकडाच्या रेषेवर मागून हलकी चीर द्या आणि तिथेच मोडा. खऱ्या छपरातही उतार त्याच ठिकाणी बदलतो. रंग कोरडा, राखाडी, थोडा असमान. एकसारखा स्प्रे मारला तर पत्र्यासारखं दिसतं.

पूर्वेचं_बंदर
शांघायचा प्रश्न राहिला. शकूमन वेगळ्याच गरजेतून आलं, ते या प्रतिकृतीत मिसळू नका. १८५३ मध्ये 'छोट्या तलवारी' या गुप्त मंडळाचा उठाव झाला आणि १८६० च्या सुमारास थाइफिंग युद्धाची झळ पोचली, तेव्हा जीव वाचवायला आलेल्या लोकांनी परकीय वसाहती भरून गेल्या. आधी भाड्यासाठी लाकडी चाळी उभ्या राहिल्या, पण आगीचा धोका मोठा होता. १८७० च्या दशकापासून विटांची, दाराला दगडी चौकट असलेली घरं आली. म्हणजे राहणारा घर बांधत नव्हता. गुंतवणूकदार अख्खा तुकडा बांधून भाड्याने देत होता. युरोपातल्या रांगेच्या घरांची मांडणी, आणि आत च्यांगनान, म्हणजे यांगत्सेच्या दक्षिणेच्या, भागातल्या चौकाच्या घराचा आक्रसलेला नमुना.

पुढे लहानसा चौक, मग दिवाणखाना, त्यामागे जिना, पाठीमागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या डोक्यावर, जिन्याच्या मधल्या टप्प्यावर 'थिंगझज्येन' ही सहा-सात चौरस मीटरची उत्तरमुखी खोली. खाली चुलीची धग, वर कपडे वाळवायची गच्ची, म्हणून उन्हाळ्यात तापणारी आणि हिवाळ्यात गारठणारी. भाडं सर्वांत कमी, म्हणून तरुण लेखक आणि विद्यार्थी तिथे राहत. मूळ भाडेकरू घर पोटभाड्याने देत असे, त्याला 'दुसरा मालक' म्हणत; एका कुटुंबाचं घर पाच-सहा कुटुंबांचं झालं ते त्यातून. गल्ल्यांचाही क्रम असतो: रस्त्यावर दुकानं, त्यांच्यामध्ये कमान, आत एक मुख्य गल्ली आणि तिला काटकोनात फुटलेल्या अरुंद उपगल्ल्या. ज्येनग्वो पश्चिम मार्गावरच्या बुगावलीच्या कमानीवर चिनी नावासोबत फ्रेंच नाव आणि १९३० हे साल आजही वाचता येतं. चिनी कम्युनिस्ट पक्षाची पहिली परिषद जुलै १९२१ मध्ये अशाच एका घरात भरली. तो भाग आज शिनत्यनदी म्हणून ओळखला जातो. २००१ मध्ये तो खुला झाला तेव्हा दर्शनी भिंती राखल्या गेल्या, रहिवासी हलवले गेले. मला तो जतनाचा नमुना वाटत नाही. गल्लीचा जीव राहणाऱ्यांत असतो, भिंती तेवढ्या ठेवून तो टिकत नाही.

उत्तर_दक्षिण
शेवटच्या मुद्द्याला बीजिंगमधली दोन चांगली उत्तरं आहेत. ज्यूअर हूतोंगमध्ये छिंगह्वा विद्यापीठाच्या वू ल्यांगयोंग यांनी मोडकळीला आलेले चौक काढून दोन-तीन मजली नवे चौक बांधले. पहिला टप्पा १९९० मध्ये पुरा झाला, ४६ घरांचा, आणि १९९२ चा जागतिक अधिवास पुरस्कार त्याला मिळाला. नळ, शौचालय घरात आलं आणि चौकही राहिला. पण जुनी घरं गेली, हेही खरं. दुसरं उदाहरण दाशिलारजवळच्या छाअर हूतोंगमधलं, जांग ख यांचं. तिथे चौकातली खोपटी न पाडता वापरली. एका जुन्या छपराखाली प्लायवुडचं ९ चौरस मीटरचं मुलांचं वाचनालय, आणि झाडाखालच्या जुन्या स्वयंपाकघराच्या जागी ६ चौरस मीटरची कलाखोली. २०१६ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार या कामाला मिळाला. तुमच्या 'आजच्या' अर्ध्या भागाला हा नमुना फार उपयोगी पडेल, कारण १९७६ नंतरचा थर त्यात इतिहास म्हणून धरला आहे.

२०१७ मध्ये मंजूर झालेल्या शहर आराखड्याने जुन्या शहरातली पाडापाडी थांबवायचं ठरवलं. २०१९ पासून काही भागांत रहिवाशाने स्वतः अर्ज केला तरच त्याची खोली मोबदला देऊन परत घेतात. त्यामुळे एकाच चौकात जुनं कुटुंब, रिकामी दुरुस्त खोली आणि एखादं कार्यालय असं मिश्रण दिसतं. जुलै २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात बीजिंगचा मध्य अक्ष यादीत आला. हूतोंग त्या नोंदीत स्वतंत्रपणे नाहीत, पण भोवतीच्या संरक्षित पट्ट्यात जुन्या शहराचा मोठा भाग येतो.

घर निवडायचं असेल तर १७५० चा छ्यानलुंगकालीन नकाशा बघा. प्रमाण साधारण १:६५०, आणि त्यात प्रत्येक चौकातल्या इमारती खणांसकट काढलेल्या आहेत. १९४० च्या प्रतिमुद्रणावरून तोक्योच्या तोयो बुंकोने तो संगणकावर आणला आहे. दोंगस भागातलं पान काढा, गल्लीच्या उत्तरेचं तीन खण अधिक दोन कान असलेलं घर शोधा, आणि दार आग्नेयेला आहे ना ते पडताळून मगच पाट कापा.